चुकलेली दारफळणी

म्हैसुरात दसऱ्याच्या दिवशी दार लावून घरात बसणारं माणूस एक तर आजारी असतं, नाहीतर कुणाशी तरी भांडलेलं असतं. आमच्या घरात तसं काही नव्हतं. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी, आणि काही वर्षं आमची दारफळणी नेमकी दसऱ्याला यायची. सगळं शहर अंबारीचा हत्ती बघायला रस्त्यावर उतरलेलं असायचं, आणि आम्ही पांढरे कपडे घालून, तोंडात पाण्याचा थेंब न घेता, आत बसलेले असायचो.

दारफळणी हा आमचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास. हिब्रूत त्याला योम किप्पूर म्हणतात, प्रायश्चित्ताचा दिवस. पण कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आमच्या पूर्वजांपाशी हिब्रू फारसं उरलं नव्हतं, रीत तेवढी उरली होती. त्या दिवशी काय करायचं, तर दार लावून घ्यायचं. म्हणून सणाचं नावच दारफळणी. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत आंघोळी करायच्या, जेवून घ्यायचं, एकमेकांची माफी मागायची आणि दार बंद करायचं. दुसऱ्या दिवशी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, चूल नाही, बाहेरच्या माणसाशी बोलणं नाही. वर्षभर जसे वागलो त्याबद्दल देवाशी बोलायचं, एवढंच काम.

लहानपणी मला या कामाचा मनस्वी राग यायचा. माफी मागायला माझी ना नव्हती. पण ती हत्ती जाऊन आल्यावर मागितली तर देवाचं काय बिघडणार होतं, हे मला कुणी सांगत नव्हतं.

बाबा रेल्वेच्या कारखान्यात होते. राज्यांची नवी मांडणी झाली आणि हुबळी म्हैसूर राज्यात आली, तेव्हा आम्ही हुबळीत होतो. तिथून काही वर्षांनी बाबांची बदली खाली म्हैसूरला झाली. मंडी मोहल्ल्यात, मिरवणुकीच्या मोठ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, एका मराठी शिंप्याच्या घराच्या मागच्या बाजूला आम्ही भाड्यानं राहायचो. मालक-मालकीण विठ्ठलाचे भक्त, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. त्यांचं मराठी ऐकून आई पहिल्या दिवशी गोंधळली होती, आणि आईचं मराठी ऐकून मालकीणबाई हसल्या होत्या. पण दोघींचं लगेच जमलं. आमचा देव दिसत नाही, त्याला मूर्ती नाही, हे मालकीणबाईंनी सहज मान्य केलं. तो उपास धरायला लावतो म्हटल्यावर त्यांना त्याची खात्रीच पटली.

दारफळणीला आमच्या दाराबाहेरच्या कट्ट्यावर त्या स्वतः येऊन बसायच्या. जवळच्या वरुणा गावाहून सायकलवर येणाऱ्या दूधवाल्याला, टपालवाल्याला, कुणालाही दारापर्यंत येऊ द्यायच्या नाहीत. दसऱ्याच्या दिवशी मात्र त्यांचा जीव आमच्यासाठी तुटायचा.

“अय्यो, आजच काय बागिलु लावतांव?” आदल्या संध्याकाळी त्या आईला म्हणायच्या. “सगळा ऊर, सगळं गाव रस्त्यात हाय. पोरीला तरी सोडा की माझ्यासंगं. पापा, बिचारी ती, काय पाप केली असंल?”

“वर्षभराचं साठलंय तिचं,” आई म्हणायची आणि दार लावायची.

त्या सबंध शहरात आम्हीच एक घर होतो की आणखी कुणी होतं, ठाऊक नाही. आम्हाला कधी कुणी भेटलं नाही. मुंबईत आमची प्रार्थनामंदिरं होती, तिथे दहा पुरुष जमले की तोरा, म्हणजे आमच्या शास्त्राची गुंडाळी, उघडून रीतसर प्रार्थना व्हायची. इथे पुरुष म्हणजे एकटे बाबा. उपास संपताना शिंग फुंकणारं कुणी नाही, मंदिर नाही, प्रार्थना म्हणणारा हझ्झान नाही. बाबा म्हणायचे, “आपल्याजवळ जागा नाही, पण दिवस आहे. दिवस सगळ्यांचा एकच असतो. मुंबईत, अलिबागला, येरुशलेमला आज जो दिवस आहे तोच आपल्या या खोलीत आहे.” हे वाक्य ते असं म्हणायचे की खोली जरा मोठी झाल्यासारखी वाटायची. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस, सुरू होताना मनुकांच्या सरबताचा पेला हातात घेतला की हे ठरलेलं. मी कंटाळायचे. आता वाटतं, बाबांनी सगळ्या शास्त्रातून आमच्या कामाचं तेवढं नेमकं शोधून काढलं होतं.

पण या वाक्याला घट्ट धरून बसली होती ती आई. तिला कारण होतं. दादा गेला होता.

दादा माझ्याहून बराच मोठा. मी पाटीवर अक्षरं गिरवत होते तेव्हाच तो इस्राएलला निघून गेला. त्या काळात आमच्यातली कितीतरी घरं तिकडे जात होती. बाबांची नोकरी होती, आईचं मन नव्हतं, म्हणून आम्ही राहिलो. दादा राहिला नाही. निघायच्या आधी आई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही आणि पाचव्या दिवशी रात्रंदिवस बोलली. शेवटी दोघांचं ठरलं ते दारफळणीचं. दादा म्हणाला, “आई, तिकडे सूर्य उशिरा मावळतो. तू दार लावशील तेव्हा माझी दुपार असेल. पण थोड्या वेळानं माझंही दार लागेल. मग आपण दोघं एकदमच उपाशी.”

झालं, आईनं ते मनावर कोरून घेतलं. पत्र यायला आठवडे लागायचे, टेलिफोनचा तर प्रश्नच नव्हता. वर्षाचे बाकी सगळे दिवस दादा कुठे असेल, काय खात असेल, हे तिला माहीत नसायचं. एक दिवस मात्र पक्का माहीत होता. त्या दिवशी तो काहीही खात नसे. दुपारी भूक कडाडली की ती म्हणायची, “त्यालाही आता लागली असेल,” आणि तिचा चेहरा असा काही खुलायचा की बघणाऱ्याला वाटावं, मुलगा शेजारी पानावर बसलाय. आईची ती भूक मला कधी समजली नाही. माझी मला पुरेशी होती.

आता चुकीकडे येते.

आमचे महिने चंद्राचे, हिंदूंचेही चंद्राचे. दारफळणी आमच्या तिश्री महिन्याच्या दशमीला, दसरा आश्विनातल्या. म्हणून दोन्ही एकत्र किंवा एखाद दिवस मागेपुढे यायचे. पण त्यांचा अधिक महिना वेगळ्या वेळी, आमचा जादाचा महिना वेगळ्या वेळी, त्यामुळे काही वर्षं दारफळणी दसऱ्याच्या महिनाभर आधीच होऊन जायची. हे सगळं नीट कळायला मुंबईहून मामा दर वर्षी आमच्या सणांचं छापील कॅलेंडर पाठवायचा. ते भिंतीवर लागलं की बाबा निर्धास्त असायचे.

त्या वर्षी कॅलेंडर आलंच नाही. टपालात कुठे गहाळ झालं की मामा पाठवायला विसरला, कुणास ठाऊक. एक पत्र टाकून विचारलं असतं तर काम होतं. पण मामानं आधी एकदा बाबांना थट्टेत म्हटलं होतं, “काय दाजी, तिकडे कानडी मुलखात सण आठवतात ना?” ती थट्टा बाबांच्या मनाला लागून राहिली होती. म्हणून ते विचारायला तयार नव्हते. लागोपाठ दोन वर्षं दारफळणी दसऱ्याला आली होती. त्यांनी मालकांच्या भिंतीवरचं पंचांग पाहिलं. मालक म्हणाले, “यंदा अधिक मास आला हो, सगळे हब्ब लांबले.” बाबांनी मान डोलावली. चंद्र एकच आहे, त्यांचे सण लांबले तर आपलेही लांबले असणार, असा त्यांनी विचार केला. आईनं एकदा विचारलं, “नक्की ना?” बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की पुढे कुणी बोललं नाही.

मला तर रडूच आलं. सलग तिसऱ्या वर्षी हत्ती हुकणार होते. शाळेतल्या सगळ्या मुली अंबारीबद्दल बोलायच्या आणि मी म्हैसुरात राहून मूग गिळून बसायचे.

तर दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही माफ्या मागितल्या, मी अर्थात तोंडदेखली, आणि दार लागलं. दुसऱ्या दिवशी दुपार उलटली. बाबा योनाची गोष्ट वाचत होते, ती त्या दिवशी वाचतातच. देवानं सांगितलेल्या शहरी न जाता पळून गेलेला, माशाच्या पोटातून सुटूनही देवाशी हुज्जत घालणारा हा योना मला फार आवडायचा. शेवटी तो शहराबाहेर रुसून उन्हात बसतो. मीही रुसूनच बसले होते. तिकडे मोठ्या रस्त्यावर बँड सुरू झाला होता, माणसांचा गलका गल्ल्यांमधून आत येत होता. आई भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती. “त्याचं ऊन आता डोक्यावर असेल,” ती म्हणाली.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

बाहेर मालकीणबाईंचा आवाज. “बेडा, बेडा, मारू नका बागिलु. आज ते कुणाशी बोलत नाहीत. त्यांचा मोठा हब्ब हाय, उपास हाय.”

“कसला उपास?” एक पुरुषी आवाज म्हणाला. आईनं डोळे उघडले. आवाज मामाचा होता.

“ताई! अगं दार उघड, मी आलोय. दसरा बघायला आलोय, मुद्दाम नाही कळवलं!”

बाबांनी पुस्तकावरची मान वर केली नाही. त्या दिवशी दार उघडत नाहीत. आई उठून दारापाशी गेली, पण कडीला हात लावला नाही. फटीला तोंड लावून हळूच म्हणाली, “अरे, आज दारफळणी ना? तू प्रवास करून कसा आलास?”

मग मामा हसायला लागला. हसता हसता ओरडला, “दारफळणी? ती होऊन महिना झाला की! उघडा दार, दाजी, महिनाभर कोंडून घेतलंय की काय स्वतःला?”

मालकीणबाईही हसल्या, काय झालं ते न कळताच. आत कुणी हसलं नाही. बाबांनी पुस्तक मिटलं. मग तेच उठले आणि त्यांनीच दार उघडलं. उन्हाचा पट्टा थेट आईच्या पांढऱ्या लुगड्यावर पडला. दारात मामा, हातात हलव्याचा डबा, पायांत चकचकीत बूट. आम्हा तिघांना पांढऱ्यात पाहिलं तसं त्याचं हसू मावळलं.

“कधी होती?” आईनं विचारलं.

मामानं दिवस सांगितला. भाद्रपदातला एक सोमवार.

आई आठवू लागली. मला तिच्याआधी आठवलं, कारण त्या दिवशी शाळा बुडवून मजा केली होती. बाबांच्या कारखान्यातल्या एका फिटरच्या नातवाचं बारसं होतं, कृष्णराजनगरजवळच्या त्यांच्या गावी. आम्ही बसनं गेलो होतो. कावेरीच्या काठी भाताची शेतं, अंगणात केळीच्या पानांची पंगत. शाकाहारी जेवण, म्हणजे आम्हाला कोशेरची, आमच्या खाण्याच्या नियमांची, चिंता नाही, म्हणून बाबांनीही हात आखडला नव्हता. आई वर्षानुवर्षांत तेवढी हसली नव्हती.

तिलाही ते आठवलं. ती तिथेच खाली बसली.

“तो तिथे उपाशी होता,” ती म्हणाली, “आणि मी पायस दुसऱ्यांदा मागून घेतलं.”

मामाला तिच्या बोलण्याचा रोख कळला नाही. तो समजूत घालू लागला. झालं ते झालं, मुद्दाम थोडंच केलं, देव काय इतका कडक आहे का, आज साधा दिवस आहे, आधी दोन घोट पाणी पी बघू. त्यानं स्वतः माठातून पेला भरून आणला. आईनं तो घेतला आणि खाली ठेवला.

बाबांकडे बघवत नव्हतं. कारखान्यात चार माणसांवर ओरडणारा माणूस, पांढरी टोपी हातात घेऊन उभा होता. त्यांनी आईची माफी मागितली नाही, ती तर आदल्या संध्याकाळीच मागून झाली होती. ते कपाटाकडे गेले, पवित्र शास्त्र काढलं आणि उभ्या उभ्या पानं चाळू लागले. खूप वेळ चाळत होते. मामा मला डोळ्यांनी खुणावत होता की यांना झालंय काय. शेवटी त्यांना हवं ते सापडलं. ते आईसमोर जमिनीवर बसले आणि तिला ते समजावून सांगू लागले.

मोशेच्या काळची हकिगत होती. आमचे पूर्वज मिसरातल्या गुलामीतून सुटल्यावर त्या सुटकेचा वल्हांडणाचा सण आला, तेव्हा काही माणसांना तो पाळता आला नाही. ती मोशेकडे गेली आणि म्हणाली, आम्ही का म्हणून वगळले जावं? मोशेनं देवाला विचारलं. देवानं ऐकलं. ज्याला अडचण आली, किंवा जो लांबच्या वाटेवर होता, त्यानं पुढच्या महिन्यात त्याच तिथीला तो सण पाळावा, असं त्यानं सांगितलं.

“बघ,” बाबा म्हणाले. “पुढच्या महिन्यात. बरोब्बर महिन्यानं. लांबच्या वाटेवर असणाऱ्यांना देवानं दुसरा दिवस दिला आहे.”

“दाजी, ते वल्हांडणाचं आहे,” मामा मध्येच बोलला. “दारफळणीला ते लागू नाही.”

“तू गप्प बस,” आई मामाला म्हणाली. मग बाबांकडे वळली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. “तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण लांबच्या वाटेवर तो आहे हो. आपण तर घरातच होतो.”

बाबांनी बोट पानावर तसंच ठेवलं होतं.

“देव मला माफ करील,” आई म्हणाली. “त्याच्याशी माझं भांडण नाही. पण त्या दिवशी दुपारी पोराला वाटलं असेल, आई आता माझ्यासारखीच उपाशी आहे. आणि मी नव्हते. आज मी आहे, तर तो जेवला असेल.”

आजवर मी यहुदी धर्मावर पुष्कळ वाचलं, शहाण्या माणसांचं ऐकलं. पण सणाचा दिवस म्हणजे काय, हे मला त्या दुपारी कळलं, आणि तेही आईच्या रडण्यातून. दिवस चुकला म्हणजे देव रागावतो असं नाही. ज्याच्यासोबत बसायचं ठरलं होतं तो आपापल्या जागी एकटा पडतो. आमच्याजवळ जागा नव्हती, फक्त दिवस होता. तोही हातचा गेला होता.

मग आई डोळे पुसून उठली. मला जवळ ओढून माझे केस सारखे केले आणि मामाला म्हणाली, “हिला घेऊन जा. तीन वर्षं रडतेय. हत्ती दाखव.”

“आणि तू? थोडं काहीतरी खा,” मामा म्हणाला.

“आज देवाचा उपास नसेल. माझा आहे.”

बाबाही आले नाहीत. आम्ही बाहेर पडलो आणि मागे दाराची कडी लागली. मालकीणबाई कट्ट्यावरच होत्या. मामानं त्यांना घाईघाईनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. माझी कल्पना होती की त्या आता मिरवणुकीला येतील. त्या म्हणाल्या, “तुम्ही नोडा, बघा जाऊन. ती आत उपाशी हाय, मी सुम्ने बसते इथं.” तारीख बरोबर की चूक, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. आत उपास आहे म्हणजे बाहेर राखण हवी, एवढं त्यांना कळत होतं.

मी हत्ती पाहिले. मामाच्या खांद्यावर बसायचं माझं वय गेलं होतं, तरी त्यानं मला उचलून घेतलं. सोनेरी अंबारी डुलत डुलत समोरून गेली, घोडे गेले, उंट गेले, झेंडे गेले. लोक फुलं टाकत होते, माझ्या कपाळावर एक झेंडू येऊन आदळला. आईच्या दुःखानं माझा आनंद करपला वगैरे मी म्हणणार नाही. मी आनंदानं ओरडत होते. माझा घसा बसला.

परतलो तेव्हा चांदण्या दिसायला लागल्या होत्या. आईनंच दार उघडलं. मालकीणबाईंनी चुलीवरची गरम कणेरी आणून दिली, आई-बाबांनी तिच्यावर उपास सोडला. मग आई माझ्यासमोर बसली आणि हत्तींचं सगळं विचारू लागली. अंबारी केवढी, महाराज दिसले का, माहूत कुठे बसतो. “नीट सांग,” म्हणाली, “दादाला लिहायचंय.” आणि जरा थांबून म्हणाली, “बाकीचं लिहायचं नाही. कुणीच नाही.”

ते आम्ही कुणी कधी लिहिलं नाही. पुढच्या वर्षी कॅलेंडर वेळेवर आलं. मामानं दोन पाठवली, एक साध्या टपालानं आणि एक रजिस्टर्ड. बाबांनी दोन्ही भिंतीवर लावली, शेजारी शेजारी, आणि थट्टेचा एक शब्दही कुणी काढला नाही. आईची दारफळणी परत दादाबरोबर सुरू झाली. पण भूक लागल्यावर चेहऱ्यावर येणारं ते जुनं खुलणं मी पुन्हा पाहिलं नाही. त्या एका दिवसाची चुटपुट ती शेवटपर्यंत घेऊन गेली.

दादा आला तो आई गेल्यावर, बाबाही गेल्यावर. केस पांढरे, मराठी अडखळत, एकेका शब्दासाठी हवेत हात फिरवायचा. मी त्याच घरात होते. मालकांच्या मुलांनी ते मला विकत दिलं होतं. एका सकाळी मी वालाचं बिरडं करत होते, तो दारापाशी खुर्ची टाकून बसला होता. मी त्याला ही हकिगत सांगितली. खरं म्हणजे गंमत म्हणून सांगायला गेले. मामाचा हलवा, बाबांचा चेहरा, मालकीणबाईंचं “बेडा, बेडा”. मग आईचं पायसाचं वाक्य आलं आणि गंमत तिथेच संपली.

दादा हसला नाही.

“मी त्या वर्षी उपास धरला नव्हता,” तो म्हणाला.

मला वाटलं, मराठी शब्द चुकला असेल.

“त्याच्या आधीच्या वर्षीही नाही. पहिल्या वर्षी धरला. मग आमच्या वस्तीत कुणी धरत नव्हतं. तरुण पोरं होतो, संत्र्यांच्या बागेत काम करायचो. सण वगैरे म्हाताऱ्यांचे, असं म्हणायचो. त्या दिवशी सुट्टी असायची. जेवलोच असणार.”

माझ्या नाकावर राग कायमच असतो, त्या वेळी तो पार डोक्यात गेला. इतकी वर्षं ती बाई याच्या भुकेवर जगली. एका पायसासाठी मरेपर्यंत झुरली. मी कढईवर झाकण आपटलं, पळी आपटली, आणखी आपटण्यासारखं शोधत होते. त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यानं मला थांबवलं नाही.

मी दमल्यावर तो म्हणाला, “पत्रात सगळं विचारायची. थंडी, पायमोजे, दाताचं दुखणं, पगार. शब्बाथला दिवा कोण लावतं, हेही. पण उपास धरलास का, असं तिनं एकदाही विचारलं नाही. मी दर वर्षी वाट बघायचो की आता विचारेल. विचारलं असतं तर मी खोटं बोललो नसतो.”

बिरडं खाली लागलं होतं. आम्ही ते तसंच जेवलो.

तो परत गेला त्याला बरीच वर्षं झाली. आता आमच्या दोघांच्याही खिशात फोन आहे, फोनमध्ये सगळे सण आहेत, दिवस चुकायची सोय राहिलेली नाही. आता चुकतं ते दुसरंच. सगळे दिवस सारखेच झालेत. कुणीही कधीही फोन करतं, कुणीही कधीही उत्तर देतं, आणि कुणी कुणासाठी उपाशी बसत नाही. लोक मला विचारतात, या जुन्या सणांचा आजच्या काळात काय उपयोग? मला विद्वान उत्तर येत नाही. मी म्हणते, वर्षातून एक दिवस असा ठेवा की त्या दिवशी तुम्ही काय करताय हे लांबच्या माणसाला न विचारता माहीत असेल. पुस्तकातल्या त्या माणसांसारखं मीही म्हणते, आम्ही का म्हणून वगळले जावं? दुसऱ्या महिन्याचा तो नियम मला सगळ्या शास्त्रात जवळचा वाटतो, मामा काहीही म्हणो. देवानं उशीर झालेल्यांचा विचार केला होता, हा आधार मला रोज लागतो.

मी अजून दार लावते. दसरा जवळ असला तर बाहेर गर्दी असते, नसला तर नुसता रिक्षांचा आवाज. आता कट्ट्यावर बसायला कुणी नाही. दार लावायच्या थोडं आधी दादाचा फोन येतो. तो आला होता त्याच्या पुढच्याच वर्षापासून दर वर्षी येतो. त्याच्याकडे तेव्हा दुपार असते.

“लावतेस ना?” तो विचारतो.

“लावतेय. तू?”

“मीही लावीन गं, थोड्या वेळानं.”

मग मी फोन बंद करते, कडी लावते आणि भिंतीला टेकून बसते. दुसऱ्या दिवशी दुपारी भूक लागली की तोंडात येतं, त्यालाही आता लागली असेल. पण तो खरंच धरतो का उपास, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. आईला दर वर्षी ते विचारावंसं किती वाटलं असेल, ते मला आता कळतं.